चुलीमागचा म्हातारा

आमच्या गल्लीतल्या विहारात पुस्तकांचं एक कपाट आहे. त्यात पुस्तक ठेवायचं तर तीन जणांची मतं लागतात: एक वयस्कर, एक मधल्या वयाचा, एक तरुण. तिघांनी पुस्तक पूर्ण वाचायचं, रजिस्टरमध्ये चार-पाच ओळी लिहायच्या, शेवटी ‘ठेवावे’ किंवा ‘परत’ एवढंच लिहून सही करायची. हा नियम मीच केला. त्याआधी कपाटात कुणीही काहीही आणून टाकायचं. जुनी गाइडं, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, एकदा तर मिक्सरची माहितीपुस्तिका निघाली. मी सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. कुठली गोळी कुठल्या फळीवर आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे मला पाठ असतं. पुस्तकांचं कपाट त्याहून अवघड नसावं, असं मला वाटलं होतं.

दुसरा नियम माझ्या वडिलांचा. भूत, करणी, नवस, अंगात येणं, असली पुस्तकं कपाटात नकोत. अप्पा खटकचिंचोळीच्या मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर नौबादला आमच्याकडे राहायला आले. आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. घरातले देव फडक्यात बांधून विहिरीत सोडले, त्या फडक्याचं एक टोक त्यांच्या हातात होतं. त्यामुळे या नियमावर त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

वाद घातला तो माझ्या मुलीने. ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. तिने सुचवलेली दोन पुस्तकं अप्पांनी मागच्या पानावरचा मजकूर ऐकूनच परत केली होती. एकात रक्त पिणारा राजपुत्र होता, दुसऱ्यात बोलणारी कवटी. तिसऱ्या वेळी तिने जाडजूड इंग्रजी कादंबरी आणून माझ्या डब्याच्या पिशवीवर ठेवली. मुखपृष्ठावर बर्फाचं जंगल आणि लाल रुमाल बांधलेली मुलगी. तिच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेली, पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांच्या जुन्या दंतकथांवर बेतलेली.

“हे तिसरं हाय,” ती म्हणाली. “हे बी परत आलं तर मी कपाटाला हात लावणार न्हाई. माझं मी फोनवर वाचीन.”

ती धमक्या देणारी मुलगी नाही. परीक्षा झाली की ती पुढच्या शिक्षणाला कलबुर्गीला जाणार, हे ठरलेलं होतं. हातात होते ते चार महिने. ती काय वाचते हे मला कळण्याची जागा म्हणजे ते रजिस्टर. तेही बंद झालं तर उरणार होतं जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. म्हणून ते पुस्तक कपाटात जावं, असं मी पहिलं पान उघडायच्या आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. मत देणाऱ्याने असं ठरवायचं नसतं, हे मला माहीत होतं.

आधी मी एकटीने वाचलं, दुपारच्या डब्याच्या सुट्टीत, रोज वीस-पंचवीस पानं. पहिली शंभर पानं फार संथ वाटली. नावं तोंडात बसेनात. एकाच माणसाला आई एका नावाने हाक मारणार, मैत्रीण दुसऱ्या आणि वडील तिसऱ्या. शेवटी डायरीच्या मागच्या पानावर कोण कुणाचं कोण याची यादी केली, मग गाडी चालू लागली. थंडीचं वर्णन चांगलं होतं. भुकेचं त्याहून चांगलं. भाकरीच्या पिठात झाडाची साल मिसळतात, ते वाचून लिहिणाऱ्या बाईंना किंवा त्यांच्या घरातल्या कुणाला तरी भूक माहीत असावी, असं वाटलं. घोड्यावरचा देखणा तरुण मात्र काढून टाकला असता तरी चाललं असतं. तो येतो, डोळे रोखून बघतो आणि जातो.

गोष्ट अशी. नदीकाठी एक गाव. लाल रुमालवाल्या मुलीचा बाप नावाडी. घरात मोठी भट्टीसारखी चूल, तिच्यामागे घराचं भूत राहतं. म्हाताऱ्यासारखं दिसणारं, केसाळ, बुटकं. माणसं झोपली की ते बाहेर येतं, घर झाडतं, विस्तव राखतं, गोठ्यातल्या घोड्याची आयाळ विंचरतं. त्याच्यासाठी जेवणानंतर उरलेला पावाचा तुकडा आणि दुधाची वाटी चुलीपाशी ठेवायची. त्याला कुणी बघायचं नाही. रानाचा एक धनी आहे, तो माणसांना चकवतो; वाट सापडायची तर अंगातले कपडे उलटे करून घालायचे. नदीतही एक आहे, तो सगळ्यांत वाईट. तो पाण्यावर हक्क सांगतो आणि दरसाल एक माणूस मागतो. त्याच्या भीतीने गाव उठतं. घर सोडताना चुलीमागच्या म्हाताऱ्याला बोलवावं लागतं, एक जुना बूट पुढे करून सांगावं लागतं की आम्ही निघालो, तुम्हीही चला. गडबडीत ते राहून जातं. मग ती मुलगी बर्फातून, रानातून, नदी ओलांडून एकटी परत जाते आणि त्याला घेऊन येते.

मला तो चुलीमागचा म्हातारा आवडला. रजिस्टरच्या कच्च्या कागदावर मी लिहिलं, ‘गोड पात्र.’ तेव्हा मला तेवढंच दिसलं.

आता अप्पांचं मत. मोतीबिंदू काढला तरी बारीक छपाई त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवायचं काम माझं. आमच्या घरात याची एक पद्धत आहे. कागद कुठल्याही भाषेतला असो, वाचणाऱ्याने बघत बघत मराठीत सांगायचं. आम्ही सीमाभागातले; सकाळचा पेपर कन्नड असतो, ऐकायला मराठी येतो. लाइटबिलाची नोटीस, शाळेचं पत्र, औषधाच्या डब्यातला कागद, सगळं तसंच. याला आम्ही भाषांतर म्हणत नाही, वाचून दाखवणं म्हणतो. त्यात प्रत्येक जण थोडं गाळतो, थोडं घालतो, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

अडचण होती नवव्या पानावर. तिथे भूत येतं. नवव्या पानावर मी भूत म्हटलं असतं तर अप्पांनी तिथेच पुस्तक मिटायला लावलं असतं. मी एक चिठ्ठी केली. घराचं भूत म्हणजे म्हातारा. रानातलं भूत म्हणजे राखणदार. पाण्यातलं भूत म्हणजे नदीचा मालक. तीन ओळींची ती चिठ्ठी मी पुस्तकात खूण म्हणून ठेवली. वाटलं, गोष्टीत त्यांचं मन गुंतलं की शंभराव्या पानाच्या सुमाराला खरं सांगून टाकू.

दवाखान्यातून आल्यावर, चहा झाला की पाच ते सहा वाचन. पहिल्या दिवशी मी सांगितलं, त्या घरात चुलीमागं एक म्हातारा राहायचा. अप्पांनी मान हलवली, ऐकत राहिले. नदीचा मालक आला तेव्हा तर त्यांना काही विचारावंच लागलं नाही. पाणी अडवणारा माणूस त्यांना लगेच समजला.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांचे प्रश्न सुरू झाले. सगळे त्या म्हाताऱ्याबद्दल. त्याचं नाव काय? पुस्तकात नाव नव्हतं, तसं सांगितलं. तो जेवतो कधी? सगळ्यांचं झाल्यावर. ताटात का? नाही, चुलीपाशी वाटी ठेवतात. पाहुणे आले की तो कुठे जातो? मी मागची-पुढची पानं चाळली. पाहुणे आले की तो दिसत नाही, एवढंच होतं.

“हाक काय मारतात त्याला?”

“आजोबा म्हणतात, अप्पा.”

ते म्हणाले, “आजोबा म्हणतात आन चुलीमागं ठेवतात.”

मी पुढे वाचायला लागले. घड्याळात अजून पंधरा मिनिटं होती आणि त्या दिवसाची पानं पुरी करायची होती.

शंभरावं पान आलं आणि गेलं. मी खरं सांगितलं नाही. एक तर गोष्ट छान चालली होती. दुसरं म्हणजे, अप्पा आता पाचच्या आधीच खुर्ची ओढून बसत होते.

मुलगी बूट घेऊन परत जाते, त्या प्रकरणाच्या दिवशी त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि स्वतःच बोलायला लागले. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, गावचं काम करायचे. रात्रीची राखण, सांगावे पोचवणं, कुणी वारलं की दुसऱ्या गावाला वर्दी द्यायला चालत जाणं. एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी घरोघरची भाकर गोळा करायला ते जायचे, हेही ऐकून होते. पण सोबत टोपली धरायला पाच वर्षांचे अप्पा जायचे, हे मला माहीत नव्हतं. माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. दीक्षेचं सांगायचे, शाळेचं सांगायचे, पहिल्या नेमणुकीचं तर दहादा सांगून झालं होतं. अंगणाच्या कडेला कुठे उभं राहायचं, टोपली किती खाली धरायची, हे पहिल्यांदाच सांगत होते, आणि शिक्षकासारखं हात करून दाखवत होते.

“वरच्या आळीला एक बाई होती,” ते म्हणाले. “लई मायाळू. सगळे शिळी द्यायचे, ती ऊन भाकर द्यायची. पर वरूनच टाकायची. आज्जा सकाळी तिच्या दारातला रस्ता झाडायचा, ती उठायच्या आत. उठल्यावर झाडलेला दिसावा, झाडणारा दिसू नये.”

तीच पानं मी डबा खाताखाता वाचली होती आणि ‘गोड पात्र’ लिहून मोकळी झाले होते.

उरलेली पानं तीन दिवसांत संपली. शेवटी ती मुलगी म्हाताऱ्याला बूट पुढे करून नव्या घरात आणते आणि नव्या चुलीमागे त्याची जागा करून देते. सगळे सुखी. अप्पांना तो शेवट अजिबात पटला नाही.

“एवढी नदी वलांडून गेली पोरगी. आन आणून परत चुलीमागंच?”

मी म्हटलं, त्यांच्याकडे तशी रीत असेल. ते म्हणाले, रीत हायच की, म्हणून तर बोलायलोय.

तरीही त्यांनी रजिस्टर मागवलं आणि मोठ्या अक्षरात स्वतः लिहिलं: ‘चुलीमागे ठेवलेल्या गड्याची हकीकत खरी वाटते. लेखिकेने तो पाहिला असावा. ठेवावे.’ खाली सही. माझं ‘ठेवावे’ आणि मुलीचं ‘ठेवावे’ आधीच झालं होतं. तीन मतं पूर्ण. मी रजिस्टर मिटलं आणि दुसऱ्या दिवशीच्या कामांच्या यादीत लिहिलं, ‘पुस्तकाला कव्हर, नंबर.’

मुलगी क्लासवरून आली, रजिस्टर उघडून उभ्याउभ्याच वाचायला लागली. आधी हसली. मग परत वाचलं.

“गडी? ह्यात गडी कुठाय?”

मी कव्हर घालायला खाकी कागद कापत होते. वर बघितलं नाही. तिने पुस्तक उचललं, चाळलं, आणि माझी चिठ्ठी खाली पडली. तीन ओळी वाचायला किती वेळ लागतो. माझं अक्षर सुवाच्य आहे.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चिठ्ठी टेबलावर सरळ करून ठेवत म्हणाली, “मम्मी, तू आज्ज्याला माझं पुस्तक वाचून दाखवलीसच न्हाई.”

मी म्हणाले, पुस्तक कपाटात चाललंय ना, तुला तेच पाहिजे होतं.

“मला मत पायजे होतं. माझ्या पुस्तकाला. हे तुझ्या चिठ्ठीला मिळालंय.”

मी तिला समजवायचा प्रयत्न केला की तिच्यासाठीच केलं. ती म्हणाली, हेच तर. तू ठरवलीस की खरं सांगून माझं पुस्तक पास होणार न्हाई. आज्ज्याने निदान ऐकून परत केलं असतं. एवढं बोलून ती आत गेली. कव्हर न घातलेलं पुस्तक टेबलावर राहिलं.

मुदत संपलेलं औषध नव्या लेबलाखाली दिलं तर त्याला काय म्हणतात, ते मला कुणी सांगायची गरज नाही. मी चिठ्ठी घेतली आणि अप्पांकडे गेले. ते खाटेवर बसून चष्मा पुसत होते. मी सगळं सांगितलं. नववं पान, तीन शब्द, मनात धरलेलं शंभरावं पान. त्या पुस्तकात चुलीमागे कुणी गडी नाही, भूत आहे. नदीतही भूतच.

त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं.

“म्हंजे तो माणूस न्हवताच?”

“न्हवता, अप्पा.”

“मग मी आज्ज्याचं सगळं भुतापायी सांगितलो व्हय.”

मी माफी मागितली. त्यांनी मानेनेच जा म्हटलं. नंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पाच वाजता चहा घ्यायचे आणि बाहेर फेरी मारायला जायचे. खुर्ची भिंतीला लागलेली. मी रजिस्टर काढून माझ्या मतासमोर फुली मारली, पण नवीन काय लिहायचं ते सुचेना. खाडाखोड मला आवडत नाही. त्या पानावर आता ती होती.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आले तर आतून आवाज येत होता. अप्पांनी नातीला बोलावून पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लावलं होतं. मी चपला काढून स्वयंपाकघरात थांबले. ती भराभर वाचत होती, माझ्यापेक्षा चांगलं. नववं पान आलं. “आज्जा, आता भूत यायलंय,” तिने सांगितलं.

“येऊ दे,” ते म्हणाले. “काय करतंय ते?”

“घर झाडतंय.”

“आन खातंय काय?”

“उरलेलं.”

“वाच.”

पुढचे कितीतरी दिवस मी त्या वाचनाला बसले नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पण भिंत पातळ आहे. भांडण चालायचं ते ऐकू यायचं. ती म्हणायची, ते भूतच आहे, लोकांनी मनाने रचलेलं. अप्पा म्हणायचे, रचलेलं आहे हे मलाही कळतं, मी शाळेत तेच शिकवत आलो. पण रचणाऱ्याने त्याला झाडूच का दिला? ती म्हणायची, घोड्याची आयाळही विंचरतो की. ते म्हणायचे, तेही कामच. रानातला चकवा आला तेव्हा मात्र दोघं हसत होते. अप्पांनी लहानपणी खजुरी गावच्या पाहुण्यांकडे जाताना वाट चुकून सदरा उलटा घातल्याचं कबूल केलं. वाट सापडली का, असं तिने विचारलं. सापडली, पण सदऱ्याने न्हाई, एका बैलगाडीवाल्याने दाखवली, असं ते म्हणाले.

मी इकडे पोळ्या लाटत विचार करायचे. भूत म्हटलं तर गोष्ट खोटी आणि म्हातारा म्हटलं तर खरी, अशी माझी सरळ वाटणी होती. म्हणून एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवताना काही बिघडतंय असं वाटलं नाही. अप्पांनी चुकीची गोष्ट ऐकून बरोबर काहीतरी ओळखलं, हे खरं. पण ते माझ्या चिठ्ठीमुळे झालं, असं म्हणण्याचा मला हक्क नाही. खरी गोष्ट ऐकूनही त्यांनी तेच ओळखलं असतं. मी त्यांना ती संधीच दिली नव्हती.

पुस्तक दुसऱ्यांदा संपलं त्या रविवारी वंदना झाल्यावर अप्पांनी विहारातच रजिस्टर उघडलं. आपल्या जुन्या ओळींवर पट्टीने एक रेघ मारली आणि खाली नवीन लिहिलं. मी शेजारी उभी होते. पेन दोनदा अडकलं.

‘हे भुताचे पुस्तक आहे. वाचणाऱ्याने तसे समजून वाचावे. भूत खोटे आहे, त्याला दिलेले काम खरे आहे. शेवट चुकला. त्याला ताटावर बसवायला पाहिजे होते. ठेवावे.’

“आन नियम?” मी विचारलं.

“नियम माझा हाय,” ते म्हणाले. “जरा रुंद करतो.”

मग पेन माझ्या हातात दिलं. माझ्या फुलीखाली जागा होती. मी लिहिलं: ‘वडिलांना वाचून दाखवताना मी तीन शब्द बदलले. तसे करायला नको होते. पहिली शंभर पाने संथ, नावे अवघड, घोड्यावरचा तरुण नसता तरी चालले असते. चुलीमागच्या म्हाताऱ्याला मी गोड म्हटले होते, ते मागे घेते. ठेवावे.’ मुलीने ते वाचलं. मग खाकी कागद तिनेच मागितला आणि कव्हर घातलं. घड्या माझ्याइतक्या नीट आल्या नाहीत. मी हात लावला नाही.

अप्पांनी तिला विचारलं, त्या लेखिकेला कळवता येतं का. येतं, म्हणाली. तिने फोनवर अप्पांचं म्हणणं इंग्रजीत लिहून पाठवलं, एक शब्द न गाळता, आणि पाठवायच्या आधी मराठीत परत वाचून दाखवलं. उत्तर अजून आलेलं नाही. अप्पा दर रविवारी चौकशी करतात.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी डबा भरत होते, तेव्हा पिशवीवर आणखी एक जाड पुस्तक येऊन पडलं.

“ह्यात दोन भुतं आन एक चेटकीण हाय,” ती म्हणाली. “आधीच सांगायलेय. आज्ज्याला तसंच सांग.”

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि यादीत लिहून घेतलं.